तिगावचा पेशंट

कपाट उघडायच्या आधी सर त्यावर टकटक करायचे. दोनदा. मग कान देऊन थोडं थांबायचे आणि मगच कप्पा ओढायचे. माझ्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून मी मागं वळून पाहिलं, दारात कोणी आलं की काय. दारात कोणीच नव्हतं. सर म्हणाले, "आत माणसं आहेत, मॅडम. एकदम उजेड पडला की दचकतात." आत काचपट्ट्या होत्या, बोटाएवढ्या, आणि प्रत्येकीवर कातडीचा एक पापुद्रा निळ्या-गुलाबी रंगात बुडवून चिकटवलेला. मी बी.एस्सी. झालेली, भुताखेताला भीक न घालणारी. तरी घरी जाऊन बाबूजींना म्हटलं, हे आपल्याला जमायचं नाही. बाबूजी शाळामास्तर. वर न पाहता म्हणाले, "नाही जमत तर राहू दे. घरी बसून पापड लाट." दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी हजर होते.

हे पांढुर्ण्यातलं, ऐंशी सालानंतरच्या चार-पाच वर्षांतलं. सरांची पॅथॉलॉजी बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. पुढच्या दोन खोल्यांत लॅब, मागं सर आणि त्यांची थोरली बहीण राहायची, वर गच्ची. बहिणीला सगळे माई म्हणायचे. माई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, कमी बोलणाऱ्या. सर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात प्रोफेसर होते. एक दिवस नोकरी सोडून, खोकी भरून काचपट्ट्या घेऊन ते गावी परत आले. का आले ते कोणाला सांगितलं नाही, म्हणून गावानं आपल्या सोयीनं कारणं शोधली. कोणी म्हणे, मेलेल्यांची कातडी सोलत होता, म्हणून काढला. कोणी म्हणे, हा ज्याच्याकडे टक लावून पाहते त्याच्या अंगावर आठ दिवसांत चट्टा उमटते. सर बाजारातून चालले की भर मे महिन्यात लोक बाह्या खाली ओढायचे. बाया पदराखाली हात घ्यायच्या. मी स्वतः पाहिलं आहे.

गावाचीच चूक होती असंही नाही. सर माणसाच्या तोंडाकडे पाहतच नसत. हातांकडे, मानेकडे, पोटरीकडे पाहायचे. "तोंड काय, माणूस सजवून आणतो," म्हणायचे. पोस्टमन त्यांच्या लेखी 'कोपरावरचा तीळ' आणि दूधवाला 'डाव्या करंगळीचा नायटा'. नायटा बरा झाला तेव्हा पंधरा दिवस त्यांनी दूधवाल्याला ओळखलंच नाही. विचारत राहिले, तो आधीचा भला माणूस कुठं गेला.

नोकरी मागायला गेले तेव्हा माझेही दोन्ही हात त्यांनी टेबलावर दिव्याखाली ठेवायला लावले होते. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आई कधी गेली?"

मी चमकले. आमच्या घरचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"भाजल्याचे डाग आहेत. फार जुने. सात-आठ वर्षांच्या पोरीला चुलीपुढं कोण बसवते? जिला आई नाही, तीच बसते."

मी हात ओढून घेतले. मला राग लवकर येतो, आणि आला की बोलून मोकळी होते मी. पण त्या दिवशी बोलले नाही. आई गेल्यापासून हे डाग कशाचे म्हणून एका माणसानं विचारलं नव्हतं, सख्ख्या काकूनंही नाही. घरी येऊन मी रडले, हेही सांगून टाकते.

पोटापाण्यासाठी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासली जायची. ते सर डाव्या हाताचं काम समजायचे. त्यांचा जीव होता कातडीच्या एका आजारात. असा आजार की हजारो चट्टेवाले तपासावे तेव्हा एखादा सापडावा. सर तो मला पहिल्या आठवड्यात समजावून सांगत होते. "अंगात राखणदार पेशी असतात, मॅडम. बाहेरचा जंतू आला की धावतात. टी-सेल म्हणतात त्यांना. आता कधी कधी काय होते, हे राखणदारच फिरतात. कातडीत येऊन बसतात, बायकापोरं करतात, आणि ज्याची राखण करायची तेच खातात."

"म्हणजे कुंपणच शेत खाते," मी म्हटलं.

सरांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हो," म्हणाले. "पुस्तकात इतकं सोपं कोणी लिहिलं नाही."

त्या आजाराचे प्रकार लावायचे, हा त्यांचा ध्यास. तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांचं त्यावर एकमत नव्हतं. एकानं दिलेलं नाव दुसऱ्याला मान्य नव्हतं. सरांनी सगळी इंग्रजी नावं बाजूला ठेवली होती. म्हणायचे, त्या नावांत क्रियापद नाही, आणि आजार म्हणजे क्रियापद. त्यांचे चार शब्द होते. सपाट चट्टा वर्षानुवर्षं जागच्या जागी राहिला तर 'बसला'. जाड होऊन सरकू लागला तर 'चालला'. सगळं अंग लाल होऊन रक्तातही त्या पेशी सापडल्या तर 'पसरला'. आणि चट्ट्यातून गाठ वर आली, आतल्या पेशी फुगल्या, तर 'उठला'. उठला म्हणजे माणसाचं फार दिवसांचं खरं नाही.

"आता प्रश्न असा आहे, मॅडम," सर म्हणायचे, आणि हा प्रश्न मी शंभरदा ऐकला असेल, "हे चार भाऊ आहेत, की एकाच माणसाची चार वयं?"

भाऊ असतील तर बसलेला बसूनच राहील, पेशंट नातवंडं खेळवेल. वयं असतील तर आज ना उद्या तो उठेल. बस, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं.

त्यासाठी त्यांची पद्धत होती, आणि त्या पद्धतीत एक अक्षर इकडचं तिकडं चालत नसे. तुकडा मी मेणाच्या वडीत बसवायचा, मशीनवर पापुद्रे काढायचे, रंग द्यायचा. मग काचेवर लिहिलेल्या नावावर चिकटपट्टी लावून वर नुसता नंबर टाकायचा. मुंबईच्या जुन्या काचपट्ट्या त्यात मिसळायच्या, पत्ते पिसतात तशा पिसायच्या आणि एकेक मायक्रोस्कोपखाली लावायची. सर पाहायचे. मग डोळे मिटून बसायचे आणि पुन्हा पाहायचे. एकदा डोळ्यानं, एकदा अकलेनं. दोनदा पाहिल्याशिवाय त्यांनी कधी शब्द उच्चारला नाही. शब्द मी रजिस्टरात लिहायची, त्यापुढं त्यांची सही, आणि त्यानंतरच चिकटपट्टी सोलून नाव पाहायचं.

"इतकं कशाला?" मी एकदा चिडून विचारलं. नंबरांनी माझं डोकं फिरून गेलं होतं.

"पेशंट कोण ते माहीत असलं की डोळा लबाडी करते," सर म्हणाले. "आवडता पेशंट असला की जास्तच."

जुन्या काचपट्ट्यांतली एखादी हातात आली की ते मध्येच थांबायचे. "हा माणूस जळून राख झाला. बायको गेली. घर विकलं गेलं. आणि हा तुकडा पाहा, अजून गुलाबी." हे सांगताना ते हसायचे, आणि मला त्यांचं ते हसणं आवडत नसे. उन्हाळ्यात लाकूड तापलं की कपाट आतून तडतडायचं. सर कामातून मान न उचलता म्हणायचे, "हो, हो, येतो." बाहेर बाकावर बसलेले लघवीची बाटली आणलेले लोक एकमेकांकडे पाहायचे. एक-दोघं बाटली ठेवून निघून गेलेले मला आठवतात.

पण हाच माणूस एकदा बोरगावच्या एका सुनेच्या पाठीशी कसा उभा राहिला, तेही सांगायला पाहिजे. तिच्या कमरेवर चट्टे होते. सासरच्यांनी महारोग समजून तिचं ताट वेगळं केलं होतं, झोपायला गोठा दिला होता. आधी जामसांवलीला मारुतीच्या पायाशी नेलं, मग आमच्याकडं. सरांनी विचारलं, "खाजवते का?" ती खाली मान घालून म्हणाली, "लय खाजवते जी. रातभर." सर सासूकडे वळले. "महारोगाचा चट्टा असा खाजवत नाही. हे गजकर्ण आहे. तुमचा हात दाखवा." सासूनं हात पदरात घेतला. सरांनी तिचा दंड वर करायला लावला, आणि तिथं तसलाच गोल चट्टा. "हे सुनेला तुमच्याकडून आलं असेल. ताट वेगळं करायचं तर दोघींचं करा. गोठ्यात जागा आहे ना?" सासू आठ दिवसांनी मलम घ्यायला एकटी आली, तोंड झाकून.

पेशंटच्या बाबतीत असे सरळ असलेले सर स्वतःच्या बाबतीत फार चमत्कारिक होते. बारा महिने पूर्ण बाहीचा सदरा, गळ्याशी बटण लावलेलं. त्यांचं तोंड आणि तळवे सोडून मी काही पाहिलं नव्हतं. त्यांच्याजवळ उभं राहिलं की बावचीच्या बियांचा उग्र वास यायचा. बावची कोडाच्या औषधात वापरतात, पेशंटसाठी कुटत असतील असं मी धरून चालले होते. आणि रोज दुपारी बारा वाजता ते गच्चीवर जायचे. माई मागोमाग जिना चढून दाराला आतून कडी घालायच्या आणि अर्धा तास तिथं कोणी जायचं नाही. लॅबच्या छतावर आवाज नाही, पाऊल नाही. शेजारच्या पोरांचं म्हणणं असं की डॉक्टर वर जाऊन सापासारखी कात टाकते. मी पोरांना दटावलं, पण बारा वाजले की माझंही लक्ष छताकडं जायचं.

महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या सकाळी माझ्या टेबलावर औषधात बुडवलेल्या तुकड्याची लहान बाटली ठेवलेली असे. वर चिठ्ठी. कधी बोरगाव, कधी जामसांवली, आणि सगळ्यांत जास्त वेळा तिगाव. ही त्यांच्या खास आजाराची माणसं. ती कधी आली, कोणी पाहिली, मला कळलं नाही. विचारलं तर सर म्हणायचे, "सकाळच्या पॅसेंजरनं येऊन गेला."

त्यातल्या त्यात तिगाववाल्यात माझा जीव गुंतला होता. तीन वर्षं मी त्याचे पापुद्रे काढत होते आणि तीन वर्षं तो 'बसला' निघत होता. मी मनात त्याला चेहरा देऊन टाकला होता. पन्नाशीचा, मिशीवाला, संत्र्याच्या बगीच्यात घर असलेला. आई नसलेल्या पोरीला असे नाद असतात. प्रत्येक वेळी पट्टी सोलताना मी मारुतीचं नाव घ्यायची, आणि 'बसला' पुढं तिगाव निघालं की माझा दिवस चांगला जायचा.

मग एका सकाळी, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू होती तेव्हा, पाच नंबरची काच सरांनी पाहिली. डोळे मिटले. पुन्हा पाहिली.

"उठला," म्हणाले, आणि सही केली.

मी पट्टी सोलली. खाली तिगाव होतं.

सर खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला समाधानच म्हणावं लागेल. "म्हणजे भाऊ नाहीत," म्हणाले. "निदान या दोघांचं कळलं. बसलेलाच उठतो. एकच माणूस." मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी माईंना सांगितलं, आज चहात साखर जास्त टाक.

"सर, त्याला कळवायला पाहिजे ना," मी म्हटलं. "मुंबईला पाठवा. तिथं बिजलीचे शेक देतात, तुम्हीच सांगता."

"त्याला माहीत आहे."

"मग जात का नाही?"

"म्हणतो, तिथं लोक तोंडं पाडून बघतात. इथं बरा आहे."

"अडाणी आहे का हो हा माणूस?"

"अडाणी नाही," सर म्हणाले. "हट्टी आहे." आणि पुढचा नंबर मागितला.

मी ती रात्र तळमळत काढली. इथं एक जीता माणूस बगीच्यात बसून मरणाची वाट पाहते, आणि हे साखर जास्त टाकायला सांगतात. सकाळी बाबूजींना काही न सांगता मी पॅसेंजरनं तिगावला गेले. ठरवलं होतं, त्या माणसाचा हात धरून त्याला गाडीत बसवायचं.

स्टेशनाबाहेर संत्र्याचे ढीग आणि मधमाश्या. गावात शिरले तर गल्ल्या रिकाम्या, सगळे तोडणीला गेलेले. मी एका ओट्यावर विचारलं, "अंगावर चट्टे असलेले कोणी आहेत का इथं, पांढुर्ण्याच्या डॉक्टरकडे येणारे?" ती बाई आत गेली आणि दार लागलं. पुढच्या घरी तेच. मी गल्लीतून पुढं चालले होते आणि माझ्या आधीच कड्या लागत चालल्या होत्या. चट्ट्यांची पाहणी करायला सरकारी बाई आली, असं त्यांना वाटलं असणार.

शेवटी एक म्हातारी भेटली, कानानं कमी. मी ओरडून सांगितलं, "आजी, चट्टेवाला पेशंट शोधून राहिली मी. त्याचा आजार उठला."

"उठला?" म्हातारी म्हणाली. "हो ना व माय. परवाच्या दिशी उठला. चाल, दाखवतो."

आमच्या भागात मराठीत हिंदीचं पाणी मिसळलेलं. 'उठ गया' म्हणजे गेला, मेला. म्हातारीनं ते ऐकलं आणि मला सरळ एका मयताच्या घरी नेऊन बसवलं. अंगणात बाया बसलेल्या. भिंतीशी टेकलेली विधवा. मला वाटलं, आपण दोन दिवस उशिरा आलो. तीन वर्षं ज्याचा एकेक पापुद्रा सांभाळला तो गेला, आणि आपण त्याला पाहिलंही नाही. मी हुंदके देऊन रडायला लागले. विधवेनंच उठून मला पाणी दिलं. सगळ्या बाया माझ्याकडं पाहत होत्या, की ही कोण याची, आणि कुठून उपटली.

मुलगा बाहेर आला. "तुम्ही कोन्या गावच्या जी?"

"पांढुर्ण्याच्या. डॉक्टरांच्या लॅबमधून. तुमच्या बाबांच्या अंगावरचे चट्टे मीच…"

"चट्टे?" तो म्हणाला. "बाबाले कायचे चट्टे? छातीत दुखून गेले बाबा. आम्हीच आंघोळ घातली ना जी त्यायले. अंग साफ होतं."

लाजेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हात जोडले, बाहेर आले. गावाचा कोटवार दारात उभा होता, सगळ्या घरांची खबर ठेवणारा माणूस. तो माझ्याबरोबर स्टेशनापर्यंत आला आणि फार शांतपणे म्हणाला, "बाई, तीस वर्षं झाले, गावातलं लेकरू जन्माले आलं तरी मीच लिवतो, मानूस मेला तरी मीच लिवतो. तुम्ही सांगता तसा मानूस तिगावात नाही. कधी नव्हता."

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडत बसले. तीन वर्षं मी कोणाची कातडी कापत होते? बाटलीतला तुकडा खरा होता. ताजा असायचा, त्यात जीव होता. माणूस मात्र नव्हता. गावातल्या गोष्टी, कपाटावरची टकटक, सगळं एकदम डोक्यात घोंघावायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेले, बाराच्या ठोक्याला. भीती होती, पण राग तिच्यापेक्षा मोठा होता. माई मागच्या खोलीत नव्हत्या. मी जिना चढले. गच्चीच्या दाराला आज कडी नव्हती. ढकललं.

सर उन्हात पाटावर बसले होते, दाराकडे पाठ करून, कमरेपर्यंत उघडे. माई मागं बसून त्यांच्या पाठीला बावचीचं तेल लावत होत्या. सगळी पाठ चट्ट्यांनी भरलेली. प्रत्येक चट्ट्याच्या कडेनं जांभळ्या औषधानं रेघ ओढलेली, आणि रेघेपाशी माईंच्या गोल अक्षरात नाव लिहिलेलं. कमरेला बोरगाव. उजव्या बरगडीवर जामसांवली. आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथं माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही तिथं, तिगाव. तिथं कातडी लिंबाएवढी वर आलेली होती. ओळखीची सगळी गावं एका माणसाच्या पाठीवर उन्हात पडली होती, आणि ती पाठ श्वासाबरोबर हलत होती.

"कोण आहे?" सरांनी मान न वळवता विचारलं.

"पोरगी आहे," माई म्हणाल्या.



"तिगावला गेल्या होत्या का, मॅडम? काल आल्या नाहीत."

"गेले होते," मी म्हटलं.  "दारोदार फिरले. एका मयताच्या घरी बसून रडले, तुम्ही समजून. तुम्हाला काही वाटत नाही का हो, असं माणसाला फसवायला?"

"चिठ्ठीवर 'पाठ' लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कोणाची पाठ. गावाचं नाव लिहिलं की कोणी विचारत नाही." सर थांबले. "कोणी तिकीट काढून जाईल, असं मला नव्हतं वाटलं."

"सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर कापताना तुमचा हात थरथरला असता, आणि माझा डोळा लबाडी करून गेला असता. मग प्रश्न तसाच राहिला असता." ते जरा हसले असावेत, पाठ हलली. "खरंच रडल्या?"

"तिगाववाल्यासाठी रडले. तुमच्यासाठी नाही."

"काल तू आली नाही तवाच समजली मी, म्हनून तर आज कडी नाही घातली म्या," माई मध्येच म्हणाल्या. "दोन वर्षं झाले सांगून राहिली याले, मुंबईले चाल, चाल. माह्यं आयकत नाही. तू सांग याले आता."

मी सांगितलं. काय काय बोलले ते आता आठवत नाही. आई आजारी असताना मी लहान होते, कोणाला काही म्हणू शकले नाही, त्या वेळचं उरलेलं सगळं बहुतेक त्या गच्चीवर बोलून टाकलं. सर ऐकत राहिले. तेल वाळलं, ऊन कलायला लागलं. मग म्हणाले, "बरं. तिगाववाल्याला सांगतो, मॅडम रागावून राहिल्या. जा म्हणतो."

सर आणि माई, दोघं मुंबईला गेले. दोन महिने शेक घेऊन परतले तेव्हा सर वाळून गेले होते, डोक्यावरचे केस गेले होते, कातडी काळवंडली होती. पण तिगाव सपाट झालं होतं. मी स्वतः पाठ पाहिली आणि गल्लीत पेढे वाटले. का वाटते म्हणून लोकांनी विचारलं तर म्हटलं, खा आणि चूप बसा.

उन्हाळा सरता सरता माईंनी माझ्या हातात बाटली दिली. चिठ्ठी नव्हती. स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, "मुंबईवाल्या डॉक्टरनं मले आधीच सांगतलं होतं व पोरी. आता परत उठलं तर शेक देता येत नाही, काईच देता येत नाही. याले अजून माहीत नाही."

काच तयार झाली. या वेळी पिसायला दुसऱ्या काचा घेतल्या नाहीत. सर म्हणाले, "मी नाही वाचत. मला माहीत आहे कोणाची आहे. तुम्ही वाचा."

"मलाही माहीत आहे, सर."

"तरी वाचा."

सदऱ्याची बटणं उघडी टाकून ते माझ्या मागं खुर्चीत बसले. माई दाराशी उभ्या होत्या. मी डोळा लावला. पेशी फुगलेल्या, वळ्या पडलेल्या, थराला थर लागून. शंकेला जागाच नव्हती. त्यांनीच मला इतकं चांगलं शिकवलं होतं की चुकायचं म्हटलं तरी चुकता आलं नसतं. मी डोळे मिटले, पुन्हा पाहिलं. तेच होतं.

"क्रियापद सांगा, मॅडम."

"बसला," मी म्हटलं.

 मायक्रोस्कोप सरांपासून हातभर लांब होता. आता ते खुर्ची ओढतील, काचेत पाहतील, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर रागावतील, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. बाहेर बाकावर कोणीतरी खोकलं. माईंनी पदर तोंडाला लावला होता.

"बसला," सर म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं. त्यांनी माईंना चहा टाकायला सांगितला आणि माझ्याकडं, माझ्या हातांकडं नाही, तोंडाकडं पाहिलं. पोळ्याच्या आधी ते गेले.

ती सगळी रजिस्टरं माईंनी मला दिली, ती अजून माझ्याकडं आहेत. त्यातली प्रत्येक ओळ खरी आहे, एक सोडून. अक्षर सगळीकडं माझंच, पण त्या ओळीतला शब्दही माझा. मी त्यांना फसवलं, हे बरीच वर्षं माझ्या मनाला खात होतं. मग एकदा ते पान नीट उघडून पाहिलं, त्या ओळीपुढं त्यांची सही आहे.